उठायची रेवडी

आमच्या घरातली मोठी माणसं रोज हरतात. माझा धाकटा भाऊ ज्ञानेश्वर, त्याला सगळं गाव माउली म्हणतं, संध्याकाळी सुप्याच्या कंपनीतून येतो, चहा घ्यायच्या आधी अंगणातल्या शेवग्यापासून फाटकापर्यंत पळतो आणि हरतो. त्याची बायको आरती कॅरम खेळायला बसली की राणी अगदी भोकाच्या तोंडाशी नेऊन ठेवते आणि "अगं बाई, गेलीच नाही की!" म्हणत कपाळावर हात मारून घेते. जिंकते ती सृष्टी. त्यांची एकुलती एक लेक, वय वर्षं नऊ. जन्माला आल्यापासून ती घरात एक डाव हरलेली नाही.

मला विचाराल तर ह्याला लाड म्हणत नाहीत, ह्याला नुरा कुस्ती म्हणतात. कोण पडणार ते आधीच ठरलेलं, फक्त बघणाऱ्याला माहीत नसतं. आणि आमच्या घरात बघणारी आणि खेळणारी एकच होती, बिचारी.

आणि मला विचारायलाच पाहिजे, कारण मी पुष्पावती, गावातली अंगणवाडी सेविका. एकतीस वर्षं झाली. आज मिशा पिळत हिंडणाऱ्या अर्ध्या गावाचं नाक मी पुसलेलं आहे. गेल्या दिवाळीनंतर आमचं पारनेरला तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं, बालकांच्या भावनिक आरोग्यावर. त्यात एक रंगीत तक्ता मिळाला. वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'मुलांना हरू द्या'. मी दोन मागून घेतले. एक अंगणवाडीत लावला, दुसरा घरी फ्रिजवर. माउलीनं दुसऱ्या दिवशी त्याच्यावर कॅलेंडर टांगलं.

"माउली, तक्ता झाकला गेला की रे."

"मग एकादशी कधी हाय ते कुठं बघायचं, अक्का?"

एकादशी तो कधी करत नाही, ते सोडा.

पण त्याला एकट्याला तरी काय बोल लावायचा! सृष्टी सातव्या महिन्यात झाली. दीड किलोसुद्धा भरली नव्हती. नगरच्या दवाखान्यात बावीस दिवस काचेच्या पेटीत होती आणि हा बावीस दिवस त्या काचेला नाक लावून उभा होता. नर्स म्हणायच्या, दादा, काच पुसून पुसून आमचे हात दुखले, जरा लांब उभे राहा. तेव्हाच त्यानं मनाशी ठरवलं असणार की ह्या लेकराच्या डोळ्यांत पाणी येऊ द्यायचं नाही. ठरवलं ते ठरवलं. आमच्या खानदानात अक्कल कमी असेल, पण हट्ट भरपूर.

त्याचं फळ शाळेच्या स्नेहसंमेलनात मिळालं. लिंबू-चमच्यात सृष्टीचं लिंबू पडलं. शाळेतल्या बाईंना आमच्या घरचे नियम माहीत नव्हते, त्यांनी पहिल्या आलेल्या मुलीला पहिला नंबर दिला. सृष्टी घरी आली ती कॉटखाली जाऊन बसली. दोन दिवस जेवली नाही, अंगात ताप भरला आणि आठवडाभर शाळेत जायचं नाव काढलं नाही. वरणभातावर लिंबू पिळलं तरी रडायची. मी मनातून फार भ्याले. आज लिंबू पडलं, उद्या काय काय पडेल! हे पोर एकदा खरोखर आपटलं तर उठेल की नाही, हा घोर मला तेव्हापासून लागला.

अशा पोरीला कुस्ती शिकायची होती!

देवळामागं सहादेव वस्तादांची तालीम आहे. दोन वर्षांपासून त्यांनी मुलींनाही घ्यायला सुरुवात केली. सृष्टीनं ते बघितलं आणि धरलं की आपल्यालाही लाल माती पाहिजे. माउलीला वाटलं, चार दिवसांत कंटाळेल. ती तीन महिने गेली. जोर, बैठका, दोरी, आणि नुसती डाव-पेचांची घोकंपट्टी. वस्तादांची शिस्त अशी की नवं पोर तीन महिने कुस्ती खेळत नाही, पहिली कुस्ती भैरवनाथाच्या यात्रेत, चारचौघांत. त्यामुळे तालमीत ती कुणाकडून हरली नाही, आणि घरी तर सोयच नव्हती. घरी माउली गादीवर चितपट व्हायचा आणि "मेलो, मेलो!" ओरडायचा. शेजारची गोजरबाई एकदा खरंच काळजीनं बघायला आली होती.

आता यात्रेतल्या कुस्त्यांचं सांगते. आमच्याकडे त्याला हगामा म्हणतात. मोठ्या कुस्त्या दुपारनंतर, पण सुरुवात होते ती लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी. जिंकणाऱ्याला ओंजळभर रेवड्या. हे सगळ्या गावांत असतं. आमच्या गावात आणखी एक असतं, ते दुसरीकडं मी कुठं पाहिलं नाही. पडणाऱ्यालाही एक रेवडी मिळते. एकच. तिला म्हणतात उठायची रेवडी. पडलेल्या पोरानं आपलं आपण उठायचं, वस्तादांसमोर उभं राहायचं, मग वस्ताद आपल्या हातानं ती देतात. रडलं तरी चालतं. वस्ताद म्हणतात, "रडा की! रडायला कोन न्हाई म्हनतंय? फकस्त उभं राहून रडा." गावातल्या बाप्यांना विचारा, ओंजळभर मिळालेल्या रेवड्या कुणाला आठवत नाहीत. ती एक आठवते.

सृष्टीची जोड वस्तादांनी आधीच ठरवली होती. गोजरबाईची नात निकिता. वय तेच, वजन तेच, फक्त निकिता दोन भावांबरोबर वाढलेली, दिवसातून चार वेळा आपटणारी.

यात्रेच्या दिवशी सकाळी मी पुरण वाटत होते. आरती कणीक मळता मळता थांबली.

"अक्का, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"सांग आधी. रागवायचं मग ठरवू."

"हे सकाळी निकिताकडं गेले होते. चॉकलेटचा पुडा दिला तिला. म्हणाले, बाळा, आज जरा पडून घे."

माझ्या हातातलं पुरण तिथंच राहिलं. अहो, नऊ वर्षं घरातल्या घरात नुरा चालली होती, ठीक आहे. आता ह्यानं भैरवनाथाच्या मातीत नुरा ठरवली! आणि ते कुणाशी, तर निकिताशी. म्हणजे आपल्या लेकीला सांभाळायचं म्हणून दुसऱ्याच्या लेकीला पाडायचं. मी हात धुतले, पदर खोचला, कपाटातली पावशेर गोडीशेव घेतली आणि तडक गोजरबाईच्या घरी गेले.

निकिता ओट्यावर बसून चॉकलेट खात होती.

"निके, ऐक. आज तू मुद्दाम पडायचं न्हाई."

तिनं चॉकलेट गिळलं. "काका म्हनले पड. तुमी म्हनता पडू नको. मग मी करू तरी काय?"

"तुला येतं ते कर."

"येतं ते केलं तर सृष्टी पडंल."

"पडू दे."

"रडंल ती."

"रडू दे. तुझी मैत्रीण हाय ना? मग तिच्याशी खरं खेळ."

तिनं विचार केला. मग माझ्या हाताकडं बघून म्हणाली, "ती शेव माझ्यासाठी हाय का?"

दिली. आता तुम्ही म्हणाल, पुष्पाबाई, त्यानं चॉकलेट दिलं, तुम्ही शेव दिली, फरक काय राहिला? फरक आहे. मी खरं खेळण्यासाठी दिली. पण हे मला तेव्हाही नीट पटलं नव्हतं आणि आताही तुम्हाला पटवत बसत नाही.

दहा वाजता हलगी कडाडली. मैदानाला दोर बांधलेला, पुढं पोरं, मागं बाप्ये, आणि बाया देवळाच्या पायऱ्यांवर. माउली दोराला चिकटून मोबाईल धरून उभा, चेहऱ्यावर अशी शांती की जणू निकाल खिशात आहे. सृष्टी मातीत उतरली. दोन घट्ट वेण्या, अंगावर शाळेचा खेळाचा पोशाख. तिनं वस्तादांच्या पाया पडून माती कपाळाला लावली. मी मनातल्या मनात तक्ता म्हणत होते, मुलांना हरू द्या, मुलांना हरू द्या. तक्ता लिहिणाऱ्याची भाची मातीत उतरलेली नसते, मग त्याला लिहायला काय जातं!

सृष्टी चांगली खेळली, हे मला सांगायलाच पाहिजे. तिनं निकिताचे पाय धरून पट काढायचा प्रयत्न केला, एकदा तर गुडघ्यावर आणलं. लोकांनी "भले!" म्हणून टाळ्या दिल्या. मग निकितानं खाली बसून तिचा हात खेचला आणि काही कळायच्या आत सृष्टीची पाठ मातीला लागली. दोन्ही खांदे. हलगी थांबली.

सृष्टी आभाळाकडं बघत पडून राहिली. तिच्या चेहऱ्यावर रडू नव्हतं, नवल होतं. आभाळ असं मातीत पडून तिनं कधी पाहिलंच नव्हतं. मग तिनं एक कोपर टेकलं.

तेवढ्यात माउलीनं मोबाईल टाकला, दोराखालून वाकून आत शिरला आणि लेकीला उचलून खांद्यावर घेतलं.

"माउली, खाली ठेव तिला," वस्ताद म्हणाले. त्यांनी खिशातून रेवडी काढलेली होती, दोन बोटांत धरलेली.

"लागलंय हो वस्ताद तिला."

"लागलं आसंल. पर ती उठली न्हाई ना. तू उठिवली." आणि त्यांनी रेवडी परत खिशात घातली. कडक माणूस. गावासाठी नियम बदलणार नाही आणि माउलीसाठी तर नाहीच.

सृष्टी खांद्यावरून ते बघत होती. रेवडीसाठी तिनं पुढं केलेला हात तसाच राहिला. आणि नेमकी तेव्हा निकिता, हातात ओंजळभर रेवड्या घेऊन, अगदी प्रामाणिकपणे पुढं आली. "काका, तुमी पड म्हनला हुता, पर आत्याबाई म्हनल्या पडू नको. चॉकलेट परत देऊ का? अर्धं खाल्लंय."

पहिली हसली ती गोजरबाई. मग सगळं मैदान. मी पायऱ्यांवरून खाली बघितलं तर सृष्टी बापाच्या खांद्यावरून माझ्याकडं बघत होती, मग बापाकडं, मग परत माझ्याकडं. असं कुणी माझ्याकडं एकतीस वर्षांत बघितलं नव्हतं. लाजेनं मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

घरी आलो. पुरणपोळ्या झाल्या होत्या, कुणी पानावर बसेना. आम्हाला वाटलं, आता कॉटखाली जाणार. ती गेली फ्रिजपाशी. कॅलेंडर उचलून खालचा तक्ता मोठ्यानं वाचला. "मुलांना हरू द्या. हे इथं कधीपासून आहे?"

"दिवाळीपासून," मी म्हटलं.

"आणि ह्याच्यावर कॅलेंडर कुणी लावलं?"

माउली छताकडं बघू लागला. पंखा बंद होता, तरी बघत राहिला.

"पप्पा, रोज आपण फाटकापर्यंत पळतो. तेव्हा पण तुम्ही मुद्दाम हरता?"

"रोज न्हाई. एखाद्या दिवशी खरंच पाय दुखतात."

"मम्मी, कॅरमची राणी?"

"कुकरची शिट्टी झाली वाटतं," म्हणत आरती आत गेली. कुकर लावलेलाच नव्हता.

मग ती माझ्याकडं वळली. "आत्या, गजगे?"

हो. आता आलीच माझी पाळी. मी एवढा वेळ माझं सांगायचं टाळत होते. रोज संध्याकाळी ओट्यावर सृष्टी आणि मी गजगे खेळतो. पाच गजगे, एक वर उडवायचा, तो खाली यायच्या आत जमिनीवरचे उचलायचे, आणि शेवटी पाचही उडवून तळहाताच्या पाठीवर झेलायचे. लहानपणी गजग्यांत मला ह्या गावात कुणी हरवलेलं नाही. लग्न होऊन आलेल्या सुनासुद्धा माझ्याशी पैज लावत नसत. आणि सृष्टीबरोबर खेळताना मी शेवटचा गजगा रोज सोडायची. रोज. फ्रिजवर तक्ता लावून, भावाला उपदेश करून, वर ओट्यावर जाऊन गजगा सोडायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

त्या घटकेला खरं बोलले असते तर सुटले असते. पण पोरीच्या डोळ्यांत फक्त माझ्यापुरता थोडा विश्वास शिल्लक होता, तो माझ्याच्यानं सोडवेना.

"न्हाई गं. गजग्यात तू खरंच जिंकतेस."

"खरं?"

"भैरोबाची शपथ."

भैरोबाच्या यात्रेच्या दिवशी भैरोबाची खोटी शपथ! आता देव मला बघून घेईल.

सृष्टीनं बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाली, "म्हणजे नऊ वर्षांत मी नुसते गजगे जिंकले."

माउलीला ते सहन झालं नाही. तो तिच्यासमोर खाली बसला. "तसं न्हाई बाळा. एकदा तू खरी कुस्ती मारलीस. काचेच्या पेटीत. बावीस दिवस. तवा आमच्यातलं कुनी मुद्दाम हरलेलं नव्हतं. तू एकटीनं मारलीस ती."

सृष्टीनं ऐकून घेतलं. "ते मला आठवत नाही, पप्पा," ती म्हणाली, आणि पोळी वाढायला ताट पुढं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंथरुणात नव्हती. माउलीनं घर पालथं घातलं, शेवग्यावरसुद्धा बघितलं. खेळाचा पोशाखही जागेवर नव्हता, तेव्हा मला उमगलं.

"तालमीत गेलीय."

तो मोटारसायकलीकडं धावला. किल्ली आधीच मी उचलून पोलक्यात घातली होती. एवढं एक काम त्या आठवड्यात मी सरळ केलं. "गुमान चालत चल," मी म्हटलं, "आणि आत पाऊल टाकलंस तर तुझी-माझी गाठ हाय."

तालमीला मागच्या बाजूनं एक खिडकी आहे, गज लावलेली. आम्ही बहीणभाऊ चोरासारखे तिथं उभे राहिलो. आत सृष्टी वस्तादांपुढं उभी होती.

"वस्ताद, काल माझी रेवडी राहिली."

"तू उठली न्हाईस, पोरी."

"मला उठू दिलं नाही. म्हणून आज परत पडायला आले."

वस्तादांच्या मिशा हलल्या. त्यांनी निकिताला हाक मारली. निकिता कोपऱ्यात दोरी मारत होती, ती आली. सृष्टी तिला म्हणाली, "आज मुद्दाम काही करू नकोस."

"आज कुनी काय दिलंच न्हाई," निकिता म्हणाली.

झाली कुस्ती. सृष्टी पडली. ह्या वेळी जरा जास्तच जोरात, धप्पकन आवाज आला. माझ्या शेजारी माउलीनं दोन्ही हातांनी गज धरले. सृष्टी आडवी, तोंडात माती. एक कोपर टेकलं. मग दुसरं. मग गुडघा. मध्येच थांबली आणि मला वाटलं, राहिली आता. आपलं पोर पडलेलं बघणं काय असतं ते मला तेव्हा कळलं. प्रशिक्षणात हे नव्हतं. मी माउलीचा दंड धरला, तो आत जाऊ नये म्हणून की मी जाऊ नये म्हणून, कोण जाणे.

ती उठली. उभी राहिली आणि मग भोकाड पसरलं. काय रडली म्हणता! लिंबाचं, आदल्या दिवशीच्या हसण्याचं, आमच्या सगळ्यांच्या खोटेपणाचं, सगळं एकदमच रडली. पण उभी राहून. वस्ताद थांबले, घाई केली नाही. तिचा आवाज जरा उतरल्यावर खिशातून रेवडी काढून तिच्या तळहातावर ठेवली. निकितानं आपल्या बाहीनं तिचं नाक पुसून दिलं.

इकडं खिडकीशी माउलीही रडत होता. उभ्यानंच रडत होता, म्हणून मी काही बोलले नाही.

ती रेवडी सृष्टीनं खाल्ली नाही. कंपासपेटीत ठेवली.

संध्याकाळी ती ओट्यावर गजगे घेऊन आली. माउली आणि आरती चहा घेत होते. "आत्या, चल. आज खरं."

"रोज खरंच असतं की."

"तू शपथ घेतलीस, माहीत आहे. तरी आज खरं."

मी पदर सावरून बसले. मनात म्हटलं, देवा, ही शपथ आज फेडते. आज ह्या पोरीला गजगे काय असतात ते दाखवते. तिला हरणं आता जमतंय, मग हरू दे की. आणि खोटं कशाला बोलू, मला आतून थोडी खुशीही झाली होती. किती वर्षांनी जिंकणार होते!

तिचा डाव आधी. चारपर्यंत गेली आणि चुकली. माझा डाव. एकेक उचलले. दोन दोन उचलले. तीन घेताना बोटं जरा अडखळली, पण घेतले. शेवटी पाचही उडवले आणि हात उलटा केला.

दोन राहिले. तीन ओट्यावरून घरंगळत गेले.

सृष्टीनं माझ्याकडं रोखून बघितलं. "आत्या! मुद्दाम?"

"न्हाई गं! निसटले. थांब, परत."

परत उडवले. ह्या वेळी एकच राहिला. तिसऱ्या वेळी एकही नाही. माझी बोटं उलटीकडं वळतच नव्हती. दोन वर्षांपूर्वी चिकुनगुनिया झाला, तेव्हापासून सांधे धरलेत, पण भाकरी थापता येते म्हणून मी तिकडं कधी लक्ष दिलं नाही. म्हणजे ही दोन वर्षं मी गजगा सोडत नव्हते. तो पडत होता. मी रोज ओट्यावर खरीखुरी हरत होते आणि उदारपणे हरतेय असं समजून घरात येत होते.

"आत्या, खरं सांग. मुद्दाम सोडलेस?"

"न्हाई," मी म्हटलं. "आज न्हाई. आधी सोडायचे. काल खोटी शपथ घेतली मी, सृष्टे. पण आता बघते तर बोटंच वळत न्हाईत गं." आणि माझा आवाज फुटला. हसू नका, पण मला फार लागलं. छप्पन्न वर्षांची बाई मी, पोरांना हरायला शिकवायचा तक्ता लावणारी, आणि पाच गजग्यांसाठी माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. खरं हरणं काय असतं ते मी विसरूनच गेले होते.

माउली चहा ठेवून धावत आला. "अक्का, अगं काय झालं? हात दे, उठ."

"पप्पा!" सृष्टीनं त्याला दोन्ही हातांनी अडवलं. "हात लावायचा नाही."

"अगं, तिचे गुडघे दुखतात."

"दुखू देत. तिचं तिला उठू दे."

माउली जागच्या जागी थांबला. नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणी पडलेलं असताना तो थांबला. मी भिंतीला हात लावायला गेले तर सृष्टी म्हणाली, "भिंत चालेल." मग एक गुडघा कडकन वाजला, दुसरा त्याच्याहून मोठ्यानं, आरतीनं तोंडाला पदर लावला, आणि मी "आई गं, भैरोबा" करत करत एकदाची उभी राहिले.

"रडू का आता?" मी विचारलं.

"रड. उभी आहेस ना."

मी रडले. पोटभर. ती समोर उभी राहून वस्तादांसारखी थांबली, घाई केली नाही. मग आत जाऊन कंपासपेटी घेऊन आली आणि ती रेवडी माझ्या तळहातावर ठेवली.

"अगं, ही तुझी हाय."

"मला परत मिळेल. मी उद्या पण पडणार आहे."

रेवडीला खोडरबराचा वास येत होता आणि खाली पेन्सिलीची भुकटी चिकटलेली होती. मी ती फुंकरली आणि तोंडात टाकली.